वस्तऱ्यांचा डबा

मान मागं टाकून, डोळे मिटून पोस्टमनकाका गरम फेसाची वाट बघत होते. फेसाऐवजी कानाशी घुर्र असा आवाज आला, तसे ते दचकून उठून बसले.

“हे काय?”

“मशीन.”

“ते दिसतंय मला. पण मी दाढीला आलोय, उस्ताद. माझ्या तोंडावर काय हिरवळ उगवलीय?”

“मशीननं पण बारीक होते की, काका. अगदी कातडीलगत.”

“कातडीलगत वेगळं आणि गुळगुळीत वेगळं. हे तूच शिकवलंयस मला. वस्तरा कुठाय?”

“धार लावायला दिलाय.”

“गेल्या खेपेलाही धार लावायलाच गेला होता. कुठं दिलास, परदेशात?”

उस्ताद आरशात बघून हसला. आरशातले पोस्टमनकाका हसले नाहीत. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या खुर्चीत डुलकी काढणं हे त्यांचं एकमेव व्यसन होतं, आणि घुर्र करणाऱ्या वस्तूखाली डुलकी लागत नाही. दाढी झाल्यावर त्यांनी गालावरून उलटा हात फिरवला आणि चपला घातल्या. दारात ते थांबले. “कोपऱ्यावर ते नवीन सलून निघालंय, तिथली पोरं गाणी लावतात. मला सहन होत नाहीत. पण वस्तरा असतो म्हणे त्यांच्याकडे.”

गिऱ्हाईक गेल्यावर उस्तादनं खुर्ची झटकली. खरं तर झटकण्यासारखं काही नव्हतं.

त्याला उस्ताद हे नाव वस्तऱ्यानंच दिलं होतं. त्याच्या हातून कुणाला ओरखडा उठल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. तुरटीचा खडा दुकानात होता, पण तो वर्षानुवर्षं झिजायचा नाही. दुसरी एक गोष्ट त्याला जमायची, तिला मात्र कुणी नाव दिलं नव्हतं. तो लोकांशी आरशातून बोलायचा. मागं उभं राहून, हात चालू ठेवून, समोरच्या काचेतल्या चेहऱ्याला तो साधंच काहीतरी विचारी, आणि माणसं बोलू लागत. पोराचं लग्न मोडलं ते सांगत. साहेबानं चारचौघांत पाणउतारा केला तो सांगत. तोंडावर कधीच सांगितलं नसतं ते काचेला सांगून मोकळी होत. उस्ताद “हं” म्हणे आणि कल्ले सारखे करी.

जिना चढून वर घरात गेलं की मात्र त्याची बोलती बंद व्हायची. घरात माणसं समोर असत. मध्ये आरसा नसे.

मुलीचं त्याला बायकोनं सांगितलं ते काही आठवड्यांपूर्वी, एका सकाळी, दोरीवर कपडे वाळत घालताना. बायको पाळणाघरात कामाला होती आणि निघायच्या घाईत होती. मुलीचा एक लांब बाह्यांचा सदरा तिनं पिळला, झटकला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“चिंगी स्वतःच्या हाताला इजा करून घेते,” ती म्हणाली. “मुद्दाम. बरेच महिने झाले. ती मंगळवारी मैत्रिणीकडे जात नाही, डॉक्टरबाईंकडे जाते. मला कालच कळलं.”

उस्तादनं विचारलं, “कशानं?”

बायकोनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग सदरा दोरीवर टाकला. “तुम्ही तिच्याशी काही बोलायला जाऊ नका. तुम्हाला बोलता येत नाही. काहीतरी भलतंच बोलून बसाल.”

तो तिच्याशी बोलला नाही. खाली दुकानात गेला आणि वडलांपासून चालत आलेला जुना वस्तरा, रोजचे दोन, पात्यांची सगळी पाकिटं असं सगळं एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरलं. झाकणावरून जाड सुती दोरा आवळून गाठ मारली. डबा घेऊन तो समोरच्या घड्याळवाल्याकडे गेला. लहानपणापासूनचा दोस्त.

“हे ठेव तुझ्याकडे.”

घड्याळवाल्यानं डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. “काय आहे? बायकोपासून लपवायचं?”

“हत्यारं आहेत.”

“बँक लुटलीस का रे? त्या वयात नाही जमलं, आता कुठं?”

“ठेव म्हटलं ना.”

का, ते उस्तादनं सांगितलं नाही. पुढं जे झालं ते त्या न सांगण्यामुळंच झालं.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती. पातं आपल्याच दुकानातलं असणार. चिंगी या दुकानातच वाढली होती. शाळेतून आली की फिरत्या खुर्चीत गरगर फिरायची, फरशीवरचे केस झाडूनं गोळा करून त्याचं मांजर करायची. पुढं मोठी झाली, तशी पुरुषांच्या दुकानात यायची थांबली. पण जिना दुकानाच्या मागूनच वर जात होता, आणि खण कधी कुलपात नसायचा. ज्या हाताच्या कसबावर पोरीला वाढवलं त्याच कसबाची वस्तू तिनं उलटी धरली, हा हिशेब त्याला सुटत नव्हता. तो खरा आहे की नाही, ते मात्र तो विचारू शकत नव्हता.

मग तो घराच्या मागं लागला. स्वयंपाकघरातली सुरी गेली, विळी गेली, शिवणाच्या डब्यातली कात्री गेली. एका संध्याकाळी बायको अख्खा कांदा हातात घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

“दातानं फोडू?”

“मी फोडून देतो,” म्हणून त्यानं बुक्कीनं कांदा फोडला.

बायकोला हसू आलं, पण ते ओठांतच राहिलं. आतल्या खोलीच्या दाराकडे बघून तिनं आवाज खाली आणला. “तिला काय वाटत असेल, विचार केलाय? घरात सुरी नाही, कात्री नाही, पेन्सिलीला टोक नाही. आपल्याच घरात चोरासारखं वाटत असेल पोरीला.”

“मग काय करू?”

“मला तरी कुठं कळतंय,” बायको म्हणाली आणि फुटका कांदा घेऊन गेली.

आतल्या खोलीतून चिंगीचा आवाज येत होता. ती घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारींचे फोन घ्यायची, काही दिवस कचेरीत बसून, काही दिवस घरून. सामान फुटलं, उशिरा आलं, भलतंच आलं की माणसं तिच्यावर ओरडत. ती कधीच आवाज चढवायची नाही. “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व. मी ऐकतेय, बोला.” हे वाक्य दिवसभर दाराखालून झिरपत राही. आवाज मऊ, स्वच्छ, ऐकत राहावा असा. उस्ताद जिन्यात थांबून तो ऐकायचा. त्याच्या वाट्याला त्या आवाजातलं “आले”, “नको”, “जेवले” एवढंच यायचं.

आपण बोललोच तर काय बोलायचं, ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. गिऱ्हाईक नसलं की तो ते मनात घोळवी. तिला म्हणायचं, माझ्यासाठी थांबव. बाकी काही नाही. बापासाठी एवढं करशील ना? त्याला ते वाक्य चांगलं वाटत होतं. त्यात राग नव्हता, उपदेश नव्हता.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी उस्ताद शटर अर्धं वर करून आरसे पुसत होता. घड्याळवाला चहाचा पेला हातात घेऊन वाकून आत आला.

“तुझी ठेव पोचली ना रे?”

“कसली ठेव?”

“डबा. माझ्याकडे रंगकाम काढलंय, सगळा दुकानभर पसारा. मघाशी तुझी पोरगी कामावर जाताना दिसली, म्हटलं, बाई, बापाचा डबा घेऊन जा. दिला तिच्याकडे.”

उस्तादच्या हातातलं फडकं आरशावरच राहिलं.

“काय झालं?” घड्याळवाल्यानं विचारलं. “महागाचं काही होतं का त्यात?”

उस्तादनं त्याला बाजूला सारलं आणि जिना चढला. मुलीची खोली उघडी होती. अंथरुणाची घडी नीट, फोन घ्यायचा हेडफोन टेबलावर, खुर्ची आत सरकवलेली. डबा नव्हता. त्यानं उशी उचलून बघितली आणि उशी उचलल्याची त्याला लाज वाटली. फोन लावला. वाजत राहिला. कचेरीत लावला, तिथं एका मुलीनं सांगितलं, ती आज आलेली नाही, दुपारची पाळी घरून करते म्हणाली. बायकोला लावावा म्हणून नाव काढलं आणि लावला नाही. काय सांगणार होता? की मी पोरीपासून लपवलं आणि ते गल्लीतून फिरून तिच्याच हातात गेलं?

तो रस्त्यावर आला. बसथांब्यापर्यंत गेला, तिथून बागेच्या फाटकापर्यंत, परत थांब्यापर्यंत. ओळखीच्या माणसांनी हाक मारली, त्यानं हात वर केला. दुकानांच्या काचांत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यानं लगेच विचारलं असतं, काय झालं हो, असे का दिसताय?

तो परत आला तेव्हा ती दुकानात होती.

गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आरशाकडे तोंड करून बसलेली. आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या पेल्याशेजारी डबा ठेवलेला. उस्तादची नजर आधी डब्यावर गेली. दोरा होता. गाठही त्याचीच होती, दोन्ही टोकं आत खोचलेली, तो गिऱ्हाइकाच्या गळ्यातल्या कापडाला मारायचा तशी.

“उघडला नाही,” चिंगी म्हणाली.

“मला माहितीय.”

“हो. आता कळलं तुम्हाला. आधी गाठ बघितलीत, मग मला.”

उस्ताद दारातच उभा राहिला. नाही म्हणता आलं असतं, पण तिनं आरशातून त्याला पकडलं होतं. आरशात काय काय दिसतं हे त्याच्याहून जास्त कुणाला माहीत असणार?

“कुठं होतीस?”

“बागेत बसले होते. हे मांडीवर घेऊन.” तिनं डब्याकडे हनुवटी केली. “घड्याळवाल्या काकांनी दिला तेव्हा खुळखुळलं. मग कळलं, घरातला कांदा का फुटतो ते. आधी वाटलं, कुठंतरी टाकून द्यावा. मग डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जवळ ठेवू नकोस, ज्याचा आहे त्याला नेऊन दे. म्हणून आणला.” ती थांबली. “मला भीती वाटत होती, बाबा. डब्याची नाही. तुम्ही काय तोंड कराल त्याची.”

“काय तोंड केलं मी?”

“हे काय. समोरच आहे, बघा की.”

त्यानं बघितलं नाही. त्यानं डबा उचलला, खालच्या खणात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खणाला किल्ली लावून किल्ली खिशात टाकली. तिच्यासमोरच केलं सगळं. काही सुचेनासं झालं की त्याचे हात जे करत तेच त्यांनी केलं. त्यांनी खुंटीवरचं धुतलेलं कापड घेतलं, झटकलं आणि तिच्या गळ्याभोवती बांधलं.

“केस वाढलेत,” तो म्हणाला.

“हं.”

“कापू?”

“कापा. पण शाळेतल्यासारखे नको, वाटी ठेवल्यासारखे.”

“ती फॅशन होती.”

“तुमची होती. मला पोरं मशरूम म्हणायची.”

कापडाखाली तिचे हात गेले. या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचे जातात. उस्तादनं पाणी फवारलं, कंगवा घातला, कात्री चालू केली. आरशात तिचा चेहरा त्याच्या दोन हातांच्या मधे आला. इतका वेळ तो चेहरा त्यानं किती वर्षांत बघितला नव्हता, कोण जाणे. डोळ्यांखाली काळं होतं. कपाळावर त्याच्या आईसारखी एक उभी रेघ आली होती.

“एक विचारू?” तो म्हणाला.

“विचारा.”

“ते... माझ्या दुकानातलं होतं का?”

आरशातल्या चिंगीनं डोळे मिटले आणि उघडले. “एवढंच विचारायचं होतं तुम्हाला? इतके दिवस?”

“हो.”

“नव्हतं. तुमच्या दुकानातलं मी कधी कशाला हात लावला नाही. तुमच्या वस्तऱ्याचा काही संबंध नाही, बाबा. तुमचा पण नाही. म्हणजे... इतका नाही.”

कात्री थांबली होती. त्यानं ती पुन्हा चालू केली. हिशेब सुटल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या एका प्रश्नाच्या आडोशाला तो इतके दिवस उभा होता, आणि आता आडोसा गेला होता.

“मग कशाचा आहे?” त्यानं विचारलं. पोस्टमनकाकांना विचारावं तसं, बट बोटांत धरून.

तो कापत राहिला. खुर्चीतलं माणूस गप्प झालं की मधेच बोलायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. वर घरात मात्र ते त्याला कधी आठवलं नव्हतं.

“दिवसभर माणसं ओरडतात,” ती म्हणाली. “मी सॉरी म्हणते. त्यांचं ओरडणं माझ्यासाठी नसतं, माहितीय मला. पण ते कुठं जात नाही. आत साठत जातं. मग एकटी असले की असह्य होतं. आणि ते केलं की जरा वेळ सगळं गप्प होतं. जराच वेळ. मग लाज वाटते, आणि लाज लपवायची म्हणून आणखी एकटं राहायचं. असं गोल गोल.”

“हं.”

“एक मुलगा होता. आईनं सांगितलं असेल.”

“नाही.”

“होता. चांगला होता. त्याला सांगितलं मी, पहिल्यांदा कुणाला तरी. तर म्हणाला, माझ्यासाठी थांबव.”

उस्तादच्या हातातला कंगवा तिच्या केसांत जिथल्या तिथं राहिला.

“मी थांबवलं पण. खूप दिवस. मग एकदा झालं. तर म्हणाला, म्हणजे तुझं माझ्यावर प्रेमच नाही. आता काय सांगायचं त्याला? दोन्हीचा काही संबंधच नव्हता. पण त्यानं लावला. मग प्रत्येक वेळी मी माझंच नाही, त्याचंही काहीतरी मोडतेय असं झालं. गेला तो. बरंच झालं. नाही, बरं नाही झालं.”

उस्तादचं वाक्य त्याच्या घशाशी तयार होतं. कित्येक दिवस घोळवून घोळवून गुळगुळीत केलेलं. त्यानं ते गिळलं. तो “हं” म्हणाला आणि उजवीकडची बाजू डावीइतकी केली.

“तुम्ही पण तेच म्हणणार होतात ना?” चिंगीनं विचारलं.

“हो.”

तिला हसू आलं. खरं हसू, नाकातून. “निदान खोटं नाही बोललात.”

“थांबेल का ते?”

“मला थांबवायचंय. डॉक्टरबाई म्हणतात, वेळ लागेल, मधे मधे घसरणार, घसरलं म्हणजे संपलं असं नाही. आज डबा घेऊन त्यांना फोन केला ना, ते पण मोठं आहे म्हणाल्या.”

“मोठंच आहे,” उस्ताद म्हणाला.

केस झाले. मानेवरची लव तेवढी राहिली होती. तिनं मान खाली घातली, लहानपणी घालायची तशी, हनुवटी छातीला टेकवून. “पोस्टमनकाका गल्लीत भेटले होते. म्हणाले, तुझ्या बापानं वस्तरा सोडला, आता आम्ही जायचं कुठं. मानेवर वस्तरा फिरवायचा तर फिरवा. मला चालेल.”

उस्तादनं खिशातल्या किल्लीला हात लावला. मग हात बाहेर काढून बघितला.

“आज नको. आज माझाच हात भरवशाचा नाही.”

“मग आपण दोघं सारखेच,” ती मान वर न करता म्हणाली.

त्यानं मशीननं मान साफ केली. पावडरचा मऊ ब्रश फिरवला, गळ्याची गाठ सोडली. कापड काढायला त्यानं दोन्ही कोपरे धरले, तेवढ्यात कापडाखाली हालचाल झाली. चिंगीचे हात बाहेर आले आणि खुर्चीच्या हातांवर, तळवे वर करून, टेकले. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्या. ती आरशात बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही. समोरच्या तुरटीच्या खड्याकडे बघत होती.

कापताना उडालेले बारीक केस कापडाच्या कडेनं तिच्या हातांवर सांडले होते. उस्ताद खुर्चीच्या मागून निघाला, वळसा घालून तिच्या समोर आला, आणि आरशाकडे पाठ करून खाली बसला. ब्रश पावडरीत बुडवला. मनगटापासून कोपरापर्यंत, हलक्या हातानं, प्रत्येक गिऱ्हाइकाची मान झटकतो तसे त्यानं तिच्या हातांवरचे केस झटकले. आधी एक हात, मग दुसरा. त्यानं डोळे फिरवले नाहीत.

“गुदगुल्या होतात,” चिंगी म्हणाली.

“हलू नकोस मग.”

थोड्या वेळानं तिनं बाह्या खाली ओढल्या, आरशात डोकं इकडून तिकडून बघितलं, “मशरूम नाही,” म्हणाली आणि पाळी सुरू व्हायची म्हणून जिना चढून गेली.

उस्तादनं खुर्ची झटकली. फरशीवरचे केस झाडले. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग तो मऊ, स्वच्छ आवाज. कुठल्यातरी अनोळखी माणसाचं काहीतरी फुटलं होतं. “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व. मी ऐकतेय, बोला.”

तो आरशासमोर उभा राहिला. आरशात खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, ओठ फारसे न हलवता, तो हळूच म्हणाला, “मी ऐकतोय. बोल.”

जमलं नाही. त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा म्हणून बघितलं.